खजुराच्या डब्यातले रोमन

ऑक्टोबरचं ऊन यंदाही आलं. पावसाने धुऊन ठेवलेल्या आभाळातून ते सरळ खाली उतरतं आणि दुपारी तीनच्या सुमारास आमच्या इमारतीच्या सामाईक गॅलरीत तांब्याच्या रंगाचा एक लांब पट्टा टाकून बसतं. गाढी नदीपलीकडे जी चार-दोन शेतं अजून बिल्डिंगांच्या तावडीतून सुटली आहेत, तिथून कापलेल्या भाताचा वास येतो. कोरडा, गोडसर, जरासा धुळीचा. समोर कर्नाळ्याचा सुळका उन्हात थरथरल्यासारखा दिसतो. आता मध्येच डोक्यावरून विमान जातं. तेव्हा विमानं नव्हती. तेव्हाची दुपार इतकी शांत असायची, की खालच्या गल्लीत कुणी नारळ फोडला तरी वर कळायचं.

तेव्हाची म्हणजे तीन वर्षांपूर्वीची. मी बालवाडीत शिकवते. सहामाहीची सुट्टी लागली होती, मुलगा पुण्याला शिकायला होता, आणि माझ्याजवळ वेळच वेळ होता. असा वेळ आयुष्यात फार क्वचित मिळतो. तो मी जवळजवळ सगळा शेजारच्या युसुफभाईंच्या बरोबर, त्या उन्हाच्या पट्ट्यात, रोमन राजांची थट्टा करण्यात घालवला.

युसुफभाई अठ्ठावीस वर्षं जॉर्डनच्या बंदरात क्रेन चालवत होते. दर दोन वर्षांनी चाळीस दिवस घरी येत. आले की आख्ख्या मजल्याला खजूर वाटत आणि गॅलरीत उभे राहून मोठमोठ्याने बोलत, उंचावरून खाली बोलायची सवय लागल्यासारखे. त्या वर्षी जानेवारीत ते कायमचे परत आले. झुबेदाभाभींनी नवा पलंग घेतला, गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या टाकल्या. आणि जूनमध्ये एका सकाळी दाढी करता करता युसुफभाईंच्या हातातून वस्तरा पडला. उजवा हात गेला, उजवा पाय जड झाला, आणि बोलणं गेलं.

"अठ्ठावीस वर्षं फोनवर बोलले," भाभी मला एकदा म्हणाल्या, "आता समोर बसलेत तर आवाज नाही. अल्लाने पण काय हिशेब केला, बाई!"

त्यांना सगळं समजत होतं. नमाजातल्या आयती सरळ, न अडखळता यायच्या. एकपासून दहापर्यंत आकडे यायचे. पण मीठ हवं असलं तर 'मीठ' म्हणता यायचं नाही. शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथून माघारी फिरे. बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली होती. सफरचंद, चेंडू, मांजर. युसुफभाईंनी डाव्या हाताने एकेक कार्ड उपडं घातलं आणि तोंड फिरवलं. साठीच्या माणसाला, ज्याने बोटीवरून आख्खे कंटेनर उचलले, त्याला मांजर दाखवायचं! मॅडमचंही चुकत नव्हतं. त्यांची ती पद्धत होती.

भाभी मग माझ्याकडे आल्या. "बाई, तुम्ही तीन वर्षांच्या पोरांना बोलतं करता. ह्यांचंही जरा बघा की."

"भाभी, मुलं बोलायला उतावीळच असतात. मी फक्त ऐकते."

"मग ऐका," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी करा."

मी दोन-तीन दिवस नुसती जाऊन बसले. ऐकण्यासारखं काही नव्हतं.

दिवाळी जवळ आली होती म्हणून एका दुपारी मी गॅलरीत पितळेची भांडी चिंच लावून घासत होते. समयी, तांब्या, आईचं घंगाळ. युसुफभाई खुर्चीत डोळे मिटून. भाभी कपाट आवरत होत्या. त्या बाहेर आल्या त्या हातात खजुराचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन. झाकणावर उंटाचं चित्र, आत अरबी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या काळपट चकत्या.

"ह्यांचे वायसर बघा," भाभी म्हणाल्या. "क्रेनचे असणार. तुमच्या चिंचेत टाका, निघतायत का बघू."

मी एक चकती चिंचेच्या कोळात बुडवली आणि अंगठ्याने चोळायला लागले.

"नको!"

आम्ही दोघी दचकलो. युसुफभाई खुर्चीतून अर्धे उठले होते. डावा हात पुढे, डोळे विस्फारलेले. त्यांचा तो आवाज, उंचावरून खाली येणारा, चार महिन्यांनी ऐकू आला होता. भाभींच्या हातातलं झाकण खाली पडलं.

मी चकती धुऊन पुसली. ती वायसर नव्हती. एका बाजूला माणसाचं डोकं होतं, ज्याचं नाक मी नुकतंच चिंचेने चकचकीत करून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूला एक माणूस, एक घोडा, एक भाला. मी मोबाइलवर फोटो काढून शोधलं. रोमन नाणं. जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वीचं. जॉर्डनच्या जुन्या बाजारात अशी झिजलेली नाणी वाडग्यात भरून विकायला ठेवतात, हे मला नंतर कळलं. युसुफभाई सुट्टीच्या दिवशी तिथे जात आणि एखादं घेऊन येत. ती खरी होती की आजची पाडलेली, देव जाणे. आमच्या कामाला दोन्ही सारखीच होती.

मी ते नाणं त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. "हे काय चाललंय, युसुफभाई?"

त्यांनी खूप वेळ पाहिलं. ओठ हलले, थांबले. मग म्हणाले, "ट्राफिक."

मी परत पाहिलं. हेल्मेट घातलेला माणूस भाला रोखून उभा, आणि समोर घोड्यावरून कोसळणारा दुसरा, हात वर करून गयावया करणारा. ट्रॅफिक पोलीस आणि लायसन नसलेला बाइकवाला. कळंबोलीच्या सर्कलवर रोज दिसणारं दृश्य. मी हसायला लागले. भाभी हसल्या. आणि युसुफभाईंच्या तोंडाची डावी बाजू हसली.

तो आमचा नियमच ठरला. रोज तीन ते पाच, एका वेळी एकच नाणं. कुणी काहीही म्हणावं. बालवाडीत मी मुलांना ढगात काय दिसतं ते विचारते, आणि तिथे चूक असं काही नसतं. इथेही नव्हतं. मोबाइलमधला खरा अर्थ मी रात्रीच बघून ठेवायचे, पण सांगायचे नाही.

अणकुचीदार किरणांचा मुकुट घातलेला राजा आला. भाभी म्हणाल्या, "अननस." पुढे आठ दिवस तो अननसच राहिला. एक बाई एका हातात तराजू आणि दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं लांबलचक शिंग घेऊन उभी होती. खरं तर ती न्यायाची का समृद्धीची कुणी देवता. भाभींनी निकाल दिला, "उरण नाक्याची भाजीवाली. हे पडवळ. आणि वजनात मारतेय, बघा, पारडं तिरकं आहे." दोन शिपाई झेंड्याच्या काठ्या धरून समोरासमोर उभे होते. ते आमच्या सोसायटीचे दोन वॉचमन झाले, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही. दोन बुरूज आणि मधे दरवाजा असलेलं एक नाणं होतं, वर चांदणी. मी म्हटलं किल्ला. युसुफभाईंनी मान हलवली. बराच वेळ शब्द शोधला. घाम आला त्यांना. भाभी पुढे झुकून शब्द पुरवायला लागल्या तशी मी त्यांचा हात दाबला.

"चूल," युसुफभाई म्हणाले. मग डाव्या हाताचं बोट चांदणीवर ठेवून, "ठिणगी."

ठिणगी! मीठ म्हणता न येणाऱ्या माणसाने ठिणगी म्हटलं. भाभी उठून आत गेल्या, आणि बराच वेळ नळ सुरू राहिला.

उरणजवळच्या मोरा बंदरावरून हिराबाई मासे घेऊन यायची. पाटी खाली ठेवून जिन्यात दम खायची आणि आमच्यात डोकवायची. तिला एकदा पंखवाल्या बाईचं नाणं दाखवलं. बाई होडीच्या टोकावर उभी आहे, हातात भाला. हिराबाईने नाणं डोळ्यांपासून लांब धरलं.

"आगो बाय, ही त लाँचच्या पुढं उभी हाय! खाली उतर म्हनावं, भरती हाय. पडली म आमी नाय काढनार."

"पंख आहेत तिला, हिराबाई."

"पंख नाय गो. पदर उरतो तिचा वाऱ्यावर. मोऱ्याच्या धक्क्यावर ये, दाखवतो तुला."

युसुफभाई त्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि ती निघाली तेव्हा त्यांनी हिराबाईला स्वतःहून म्हटलं, "उद्या... सुरमई." ती 'हो' म्हणून निघून गेली. तिला काय ठाऊक, आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून का बसलो ते.

त्या दिवसांचा विचार करते तेव्हा मला वाटतं, आम्ही एका संथ पाण्यात तरंगत होतो. ऊन तळहातावर, तळहातावर नाणं, नाण्यावर कुणाचा तरी अर्धवट चेहरा. ज्या राजाने आपली कीर्ती जगभर जावी म्हणून तो चेहरा नाण्यावर उमटवून घेतला, त्याला पनवेलच्या गॅलरीत अननस म्हणत होते, आणि त्यात त्याचं काही बिघडत नव्हतं. किती हातांनी ते नाणं झिजवलं असेल. प्रत्येकाला त्यात काहीतरी दिसलं असेल. वाळूतून, बाजारातून, खजुराच्या डब्यातून ते इथवर आलं ते जणू एका माणसाला एक शब्द द्यायला. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं नव्हतंच ते. दुपारच्या उन्हात असले विचार येतात आणि चहाबरोबर जातात.

सगळेच दिवस मात्र हसण्याचे नव्हते.

एके दिवशी डब्यातून एक जाडसर नाणं निघालं. मधे एक खांब, खांबावर चिलखत आणि ढाली टांगलेल्या, आणि खाली कुणीतरी बसलेलं. हात मागे, मान खाली. मी म्हटलं, "झाडात पतंग अडकलाय, खाली पोरगं रुसून बसलंय." भाभी म्हणाल्या, "खांबाला कपडे वाळत घातलेत, आणि राखायला बसवलंय." आम्ही युसुफभाईंकडे वळलो.

ते नाण्याकडे बघतच नव्हते. समोर कर्नाळ्याकडे बघत होते.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही? कुठे?" भाभींनी हसत विचारलं.

त्यांनी बोट त्या खाली बसलेल्या माणसावर ठेवलं. "मी." मग, "पास... पास..."

"पास झाला?" भाभी म्हणाल्या. "पासून? पसंत?"

त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. डाव्या हाताने हवेत एक छोटा चौकोन काढला. पुस्तकासारखा उघडला. बंद केला. मग तो चौकोन कुणीतरी ओढून घेतल्यासारखा हात झटकला.

"पासपोर्ट?" मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हो.

पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आलं. मी विचारत गेले, ते 'हो', 'नाही' आणि मधूनच एखादा शब्द. त्यांची पहिली कंपनी बंद पडली होती, दुसऱ्या मालकाने पासपोर्ट काढून घेऊन कपाटात ठेवला होता. दोन बोटं वर. दोन वर्षं. काम सोडता येईना, देश सोडता येईना. घरी सांगितलं होतं, सुट्टी मिळत नाही.

भाभींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "कुठली दोन वर्षं?" त्यांनी विचारलं. "अम्मा गेल्या तेव्हाची?"

त्यांनी मान खाली घातली. बोलायला लागलंच नाही.

अम्मा म्हणजे युसुफभाईंची आई. मीही पाहिलं होतं त्यांना, माझ्या लग्नानंतरची काही वर्षं. त्या दुपारच्या बारा वर्षं आधी त्या गेल्या होत्या. आठ दिवस अंथरुणावर होत्या आणि एकुलता एक मुलगा आला नव्हता. मोहल्ल्यात लोक बोलले. नात्यातल्यांनी तर भाभींच्या तोंडावर म्हटलं, आईपेक्षा दीनार मोठे झाले. भाभींनी प्रत्येकाशी भांडून नवऱ्याची बाजू घेतली. पण मला एकदा त्या जिन्यात म्हणाल्या होत्या, "बाई, मी लोकांशी भांडते खरी, पण माझ्याही मनातून ते जात नाही."

त्या दुपारी त्या उठल्या, डब्याला झाकण लावलं आणि आत गेल्या. चार दिवस आमची बैठक बसली नाही. मी गॅलरीत यायचे तेव्हा युसुफभाई एकटेच असायचे. भाभी आत काहीतरी निवडत, कांडत, घासत असायच्या. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा. मला वाटलं, झालं. मी एक खेळ मांडला आणि त्यात ह्या दोघांचं जपून ठेवलेलं काहीतरी फुटलं. ऐकायला गेले होते ना मी? मग हेही ऐकायला नको होतं का? नाही म्हटलं तरी मला अपराधी वाटत होतं.

पाचव्या दिवशी भाभी स्वतः डबा घेऊन बाहेर आल्या. मला हाक मारली, "बाई, या. तुम्ही असायला हव्यात, नाहीतर माझ्याने होणार नाही." त्या युसुफभाईंच्या समोर स्टुलावर बसल्या. डब्यातून त्यांनी शोधून एक लहान नाणं काढलं. आधी आत बसून त्यांनी सगळी नाणी पाहिली असावीत.

नाण्यावर एक झोपडी होती. तिच्यावर झुकलेलं झाड, माडासारखं. झोपडीच्या दारातून एक मोठा माणूस एका छोट्याला हात धरून बाहेर आणत होता. मला त्यात शाळेचा पहिला दिवस दिसला, रडणारं मूल आणि ओढून नेणारा बाप. पण मी गप्प राहिले. हे नाणं माझं नव्हतं.

"हे आपलं जुनं घर," भाभी म्हणाल्या. "हा माड. आणि आत..." त्यांनी दाराच्या काळ्या ठिपक्यावर नख ठेवलं. "आत अम्मा आहेत. बाहेरून दिसत नाहीत."

युसुफभाई त्यांच्याकडे बघत राहिले.

"मी तुम्हाला फोनवर सांगितलं, झोपेत गेल्या, काही त्रास झाला नाही. खोटं सांगितलं मी. आठ दिवस तुमचं नाव घेत होत्या. युसुफ आला का, युसुफ आला का. रात्रंदिवस. शेवटी शेवटी मी सांगायचे, जिना चढतायत, आलेच. मला वाटलं, तुम्हाला सांगून काय होणार? तिकडे एकटे, कुणाजवळ रडणार? म्हणून नाही सांगितलं. आणि न सांगता बारा वर्षं तुमचा राग पण केला. मनात. तुम्हाला येता येत नव्हतं हे मला काय माहीत!"

भाभींचा आवाज फुटला नाही. त्या रोजच्या आवाजात, भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगावं तसं सांगत होत्या. फक्त नाणं मुठीत घट्ट धरलं होतं.

युसुफभाईंचे ओठ हलायला लागले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. शब्द शोधणाऱ्या माणसाकडे बघू नये, हे मला बालवाडीने शिकवलं आहे.

"माहीत होतं," ते म्हणाले.

भाभींनी मान वर केली.

"माहीत... होतं," ते परत म्हणाले. डावा हात कानाशी नेला, फोन धरल्यासारखा. "फोनात. तुझ्या मागे. अम्मा." एक मोठा श्वास. "ऐकू येत होतं."

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भाभींनी नाण्याची मूठ उघडली. मग म्हणाल्या, "आणि मला नाही सांगितलं? बारा वर्षं?"

युसुफभाईंनी त्यांच्याकडे बोट केलं. "तू पण."

आधी भाभी हसल्या का आधी रडल्या, मला सांगता येणार नाही. मी उठून माझ्या घरात आले आणि दार ओढून घेतलं. त्या दोघांचं पुढचं बोलणं, जे काही होतं ते, मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. युसुफभाई काठी घेऊन नमाजाला गेले आणि तिथून कबरस्तानात. आधी सुट्टीत यायचे तेव्हाही नाही, आणि कायमचे परत आल्यापासूनही ते तिथे गेले नव्हते. जानेवारीपासून काही ना काही कारण काढत, आणि जूननंतर कारण काढायची गरजच उरली नव्हती. त्या दिवशी भाभींचा भाचा बरोबर येतो म्हणाला, तर त्याला हाताने थांबवलं. भाभी गॅलरीच्या कठड्याशी उभ्या राहून वाट बघत होत्या. मीही दारात होते. दीड वाजला, दोन वाजले, अडीच. ऊन गॅलरीत शिरायला लागलं. शेवटी जिन्यात काठीचा आवाज आला, एकेका पायरीवर थांबत थांबत वर येणारा.

ते खुर्चीत बसले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला, बुटांवर लाल माती. त्यांना एका हाताने बूट काढता यायचे नाहीत. भाभी खाली बसल्या, एक पाय मांडीवर घेतला आणि नाडी सोडायला लागल्या.

"एवढा वेळ?" वर न बघता त्यांनी विचारलं. "काय बोललात अम्मांशी?"

युसुफभाईंनी दुसरा पाय पुढे केला.

"सगळं," ते म्हणाले.